टेबलावरचं रिव्हॉल्वर

"ती पिशवी माझ्याजवळ नको," आई म्हणाली.

"आई, पिशवी आहे ती. चावत नाही," दादा म्हणाला, आणि गाडी सुरू करता करता त्याने ती मागच्या सीटवर आणखी आत ढकलली. पिशवी घसरत जाऊन आईच्या गुडघ्याला लागली. आईने दोन्ही पाय दाराकडे ओढून घेतले.

मी पिशवी उचलून माझ्या पायाशी टाकली. आतली डबी खुळखुळली आणि आईने डोळे घट्ट मिटले.

"अगं हळू! गोळ्या आहेत त्यात!" दादा ओरडला.

"मग घे की तुझ्या मांडीवर. तुझीच इस्टेट आहे ना?"

"मी गाडी चालवतोय."

"गाडीच चालव मग. तोंड नको चालवूस."

आमच्या घरात बोलायची हीच रीत. बाबा जाऊन महिना व्हायचा होता. त्यांच्यासाठी रडायचं ते रडून झालं होतं आणि आता भांडणं सुरू झाली होती. पिशवीत जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं आजोबांचं रिव्हॉल्वर होतं. सैन्यातलं. आजोबांकडून ते बाबांकडे आलं, आणि बाबांच्या मागे आपल्याकडे येणार हे दादाने शाळेत असल्यापासून धरून ठेवलेलं. तो पोलीस चौकीत विचारायला गेला, तर तिथल्या साहेबाने सांगितलं की आधी परवाना असलेल्या बंदुकीच्या दुकानात जा, ते नक्की काय आहे त्याची ओळख पटवून चिठ्ठी आणा, गोळ्यांची डबी न उघडता आहे तशी न्या, मग बघू. म्हणून ही वरात निघाली होती.

दादाचं गणित सरळ होतं. भरपूर किंमत आली तर विकायचं. नाही आली तर काचेच्या पेटीत घालून त्याच्या नव्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावायचं. आईचं घर भाड्याने द्यायचं आणि आईला त्याच हॉलशेजारच्या खोलीत आणून ठेवायचं. यातलं काहीही त्याने तिला विचारलं नव्हतं. सांगितलं होतं. अगदी बाबांसारखंच, जेवताना, ताटाकडे बघत.

आई एवढंच म्हणाली होती, "ती वस्तू ज्या घरात, त्या घरात मी यायची नाही."

"मग राहणार कुठे? घर तर भाड्याने जाणार."

म्हणून ती आज हट्टाने सोबत आली. आज ते विकलं गेलं तर ती सुटणार होती. नाही गेलं तर उरलेलं आयुष्य त्याच्याच समोर बसून चहा प्यायचा होता.

आता हे रिव्हॉल्वर आमच्या घरात काय होतं ते सांगायला हवं. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बसते. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात, मी त्यांच्यावर ओरडते, त्यामुळे मी फटकळ आहे असं सगळे म्हणतात. असेन. पण बाबा असेपर्यंत आमच्या घरात कोणाचंच तोंड उघडत नव्हतं. बाबा एका गोदामात कारकून होते. बाहेर अगदी गरीब माणूस. साहेबाने हाक मारली तरी हातातला चहा ठेवून उभे राहायचे. रविवारी सकाळी मात्र ते जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून रिव्हॉल्वर साफ करायला बसायचे. आमच्याकडे पाठ करून. तेलाची बाटली, फडकं, नळीत घालायचा लांब गज. कोणी जवळ यायचं नाही, कोणी हात लावायचा नाही. शेजारी गोळ्यांची चपटी पत्र्याची डबी, चिकटपट्टीने बंद केलेली. मधूनच ते ती हलवून बघायचे आणि परत ठेवून द्यायचे.

त्यांनी धमकी कधी दिली नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण दादा तेच घोकत असतो. "बाबांनी कधी तोंडातून शब्द काढला का?" नाही काढला. काढायची गरजच काय? रविवार नसताना ते टेबलावर आलं की घराला समजायचं.

कागदातून झिरपून झिरपून त्या टेबलावर तेलाचा काळपट डाग पडला होता. आई घरी शिवणकाम करते. गणवेश, कोट, पडदे, लोकांच्या पँटी सैल करून देणं, काहीही. कापड बेतायला तेवढं मोठं टेबल घरात दुसरं नव्हतं, पण बाबांच्या टेबलावर तिचा पसारा चालायचा नाही. त्यामुळे ती जमिनीवर गुडघे टेकून कापायची. आज तिला जिना चढवत नाही. लोक म्हणतात वय झालं. वय कसलं डोंबल!

मी दुसरीत असताना आईला टेलिफोन खात्यात नोकरी लागली होती. शिकाऊ ऑपरेटर. काही महिने दुसऱ्या शहरात राहून शिकायचं आणि मग इथल्याच एक्स्चेंजमध्ये. आईची आई आम्हाला सांभाळायला येणार होती. सगळं ठरलं होतं. आईने कपाटावरची सूटकेस काढून भरली, दाराशी ठेवली, आणि दिवसभर आरशासमोर "नंबर प्लीज? नंबर प्लीज?" असं वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघत राहिली. मी तिला इतकं खूश आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. संध्याकाळी बाबा आले. हातपाय धुतले. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. तो रविवार नव्हता.

"जायचंय ना?" ते म्हणाले. फडकं फिरवत होते. "जा की. मी कुठे अडवलंय?"

आईने सूटकेस उचलली आणि आतल्या खोलीत नेली. पुढे तिच्यात रजया भरल्या गेल्या. आजही रजयाच आहेत.

आणि दुसरा प्रसंग माझा. मला नोकरी लागली, राहायला वसतिगृहात खोली मिळाली. एकोणिसाव्या वर्षी मी माझी बॅग घेऊन दाराशी उभी राहिले तेव्हा बाबांनी रिव्हॉल्वर टेबलावरून उचललं. रोखलं नाही. नुसतं उचलून हातात धरलं. मी जागच्या जागी गोठले. दादा भिंतीकडे बघत बसला होता. आणि आई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी आली, माझ्या आणि टेबलाच्या मध्ये येऊन उभी राहिली. मला तिची पाठ तेवढी दिसत होती. "जा तू," ती मागे न बघता म्हणाली. मी गेले.

तर हे असं होतं, आणि दादाच्या मते बाबा फक्त साफ करायचे. आम्ही बायकांनी उगाच डोक्यात घेतलं.

दुकानाच्या जाळीच्या दाराशी आई थांबली. आतून तेलाचा वास येत होता, तोच, आमच्या रविवारचा. मी तिचा हात धरला.

"बाहेर बसायचं का?" मी विचारलं.

"नाही. विकलेलं मला बघायचंय," ती म्हणाली आणि आत आली.

दुकानदार म्हातारा, जाडजूड, कपाळावर चढवलेल्या भिंगाचा पट्टा आणि चेहऱ्यावर आम्ही त्याची झोपमोड केल्याचा भाव. त्याने आधी पिशवीकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"पिशवीतून? भाजी आणलीत का?"

"आजोबांचं रिव्हॉल्वर आहे," दादा छाती पुढे काढून म्हणाला. "सैन्यातलं. युद्धात वापरलेलं. ओळख पटवायचीये आणि किंमत करायचीये. चौकीसाठी चिठ्ठी पण हवी."

"आजोबा शूर होते?"

"अर्थातच."

"अर्थातच," दुकानदार म्हणाला. "माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांचेच असतात. ठेवा इथे. बोट लावू नका. तोंड भिंतीकडे करा. तुमचं नाही हो साहेब, त्याचं!"

त्याने टॉवेल उलगडला. आईने मान फिरवली. दुकानदाराने खटका दाबून रिव्हॉल्वर मधोमध मोडल्यासारखं उघडलं, चक्री फिरवून रिकामी आहे ना ते बघितलं, आणि क्षणभर थबकला. भिंग खाली ओढलं, परत वर केलं. दादाकडे एकदा पाहिलं. आणि शांतपणे बाहेरून तपासत बसला.

"साचा सैन्याचाच आहे. सहा गोळ्यांचं. मुठीच्या तळाशी ही कडी बघा, यात दोरी अडकवून गळ्यात घालायचे, पडू नये म्हणून. हे तपासनिसाचे शिक्के. सांगाड्यावर नंबर आहे, नळीवर नंबर आहे, चक्रीवर नंबर आहे. तिन्ही एकच. म्हणजे भाग बदललेले नाहीत."

"ते चांगलं ना?"

"फार चांगलं. तिन्ही नंबर जुळलेलं, चालू स्थितीतलं असं एखादं मिळालं तर शौकीन लोक त्यावर तुटून पडतात. तुमची ती बाहेरची गाडी बदलता येईल तेवढ्या पैशात."

दादाचा चेहरा असा काही फुलला की विचारू नका. मग तो सुटलाच. आजोबा कसे खंदकात एकटे उरले, कप्तानाने मरताना स्वतःचं रिव्हॉल्वर त्यांच्या हातात कसं दिलं, त्यांनी शेवटच्या गोळीपर्यंत चौकी कशी राखली. ही कथा बाबा सांगायचे. दर वेळी खंदक थोडा खोल व्हायचा. दुकानदार हनुवटीखाली हात धरून ऐकत होता, आणि मला आत्ता कळतं की त्या खडूस माणसाला त्यात मजा येत होती.

आईने मात्र हळूच माझा हात दाबला. गाडी बदलता येईल म्हणजे विकलं जाणार. मीही तिचा हात दाबला.

"झालं सांगून?" दुकानदार म्हणाला. "आता इकडे या. नळीला डोळा लावा आणि खिडकीकडे धरा. उजेड दिसतोय?"

दादाने वाकून डोळा लावला. "नाही. गंज असेल."

"गंज नाही."

"मग कचरा."

"कचराही नाही. आत पोलादी खुंटी ठोकून वितळवून पक्की केलीये. मुद्दाम. आणि हे बघा." त्याने घोड्यावर नख ठेवलं. "इथे टोक असतं. ते गोळीच्या बुडावर आपटतं तेव्हा बार उडतो. हे घासून सपाट केलंय. साहेब, हे कवायतीचं आहे. नव्या भरतीतल्या पोरांना धरायला, काढायला, नेम धरायला शिकवायचं. खरं द्यायचं नाही म्हणून सैन्यच हे असं मारून ठेवतं."

"आजोबा लढले होते!" दादा म्हणाला.

"लढले असतील. हे लढलेलं नाही."

दुकानदाराने बारीक पेचकसाने मुठीवरचं लाकूड काढलं. खाली, लाकडाने इतकी वर्षं झाकलेल्या धातूवर कवायतीचा शिक्का आणि एक जुनं साल ठोकलेलं होतं. आजोबा सैन्यातून सुटून घरी आले त्याच्याही आधीचं साल.

"म्हणजे आमच्या घरात आलं तेव्हापासूनच..." मी म्हटलं.

"याच्यातून कधीच गोळी सुटली नसती, बाई. हातोडी म्हणून वापरता आलं असतं, इतकंच."

आई हळूच काउंटरजवळ आली. आल्यापासून पहिल्यांदाच ती दुकानदाराशी बोलली. "हे घरच्या माणसाला कळतं का हो? जो रोज हाताळतो त्याला?"

"साफ कोण करायचं?"

"आमचे हे. दर रविवारी."

"गज घालून?"

"हो."

दुकानदाराने खणातला एक गज काढला, नळीत सरकवला. तो अर्ध्यात टक्कन अडला. त्याने पुन्हा सरकवला, पुन्हा टक्कन. "पहिल्याच दिवशी कळतं," तो म्हणाला. "आंधळ्यालाही कळेल."

मग दादा अगदी वेगळ्या, लहान आवाजात म्हणाला, "मला गज कधी हातात दिला नाही त्यांनी. फडकं द्यायचे. वरून पुसायला."

मला त्याची त्या क्षणी दया आली, खोटं कशाला सांगू. पण ती टिकू देईल तर तो दादा कसला? लगेच त्याने मान झटकली.

"त्यांच्या लक्षात आलं नसेल. साधा माणूस होता. आणि गोळ्या? गोळ्या कशाला ठेवल्या असत्या मग? डबी उघडा."

दुकानदाराने डबी कानाशी हलवली, तोंड वाकडं केलं, आणि चिकटपट्टी कापून ती फडक्यावर पालथी केली. पितळी बटणं पडली. कोटाची. नक्षी केलेली, मोठी आणि छोटी, एक पूर्ण संच.

आईने एक बटण उचललं. उलटं करून मागची कडी बघितली. अंगठ्याने पुसलं.

"ही माझी," ती म्हणाली.

"काय?"

"हॉटेलच्या दरवानाचा कोट आला होता शिवायला. तुम्ही लहान होतात. बटणं कापून वाटीत ठेवली होती, ती हरवली. मी तुम्हा दोघांनाही मारलं होतं त्याच्यावरून. तो मॅनेजर घरी येऊन किती बोलला मला, चोर म्हणाला. हे तिथेच बसले होते." तिने बटण फडक्यावर ठेवलं. "पेपर वाचत होते."

तो मार मला आठवला. फूटपट्टीने. दादालाही आठवला असणार, कारण त्याचा हात आपोआप दंडाकडे गेला.

बास. आता आणखी काय पुरावा पाहिजे? माणसाने बायकोची बटणं चोरून डबीत भरली, चिकटपट्टी लावली, आणि जन्मभर ती तिच्याच कानाशी वाजवली. माझ्या तोंडातून जे शब्द निघाले ते इथे लिहिता येणार नाहीत. दुकानदारानेही भुवया वर केल्या.

"मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात?" दादा अंगावर आला.

"जिवंत असताना बोलायची सोय होती का?"

"माझ्या दुकानात भांडायचं नाही!" दुकानदाराने काउंटरवर थाप मारली. "ही चिठ्ठी लिहितो. कवायतीचं, निकामी. किंमत विचारलीत म्हणून सांगतो, शोभेची वस्तू म्हणून कोणी घेतलंच तर त्यात तुमच्या गाडीची दोन टायरं येतील. बरी असली तर."

दादा टायरांच्याच कंपनीत मॅनेजर आहे. एरवी मी खदखदून हसले असते.

"नाही विकायचं मग," दादाने टॉवेल पुढे ओढला. "आई, आता तर प्रश्नच मिटला. खेळणं आहे हे. लहान मूलही घाबरणार नाही. हॉलमध्ये लावू छान. कथा कोणाला सांगायची आणि कोणाला नाही ते माझं मी बघीन."

"तुला अजूनही ते लावायचंय?" आईने विचारलं.

"आजोबांची आठवण आहे."

"आजोबांची नाही रे. तुझ्या बापाची आहे."

"आई, बाबांनी ते मला दिलंय. ठरलेलं आहे."

"लिहून?" दुकानदार मध्येच म्हणाला. पेन त्याच्या हातात तसंच होतं.

"तोंडी."

"मग बाई आहेत ना समोर. बायको. मालक म्हणून मी त्यांचं नाव लिहितोय. पुढे तुमचं तुम्ही घरी जाऊन बघा." आणि त्याने खरंच लिहिलं. माणूस तिरसट होता, पण मला त्या वेळी त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

"मला द्या जरा ते," आई म्हणाली.

इतकी वर्षं तिने त्याला बोटही लावलं नव्हतं. दुकानदाराने मूठ तिच्याकडे करून ते दिलं. तिला वजनाचा अंदाज नव्हता. हात खाली गेला, मग तिने दुसरा हात लावला. तोंड काउंटरच्या लाकडावर टेकवलं. चाप जड होता, तिची दोन्ही बोटं पांढरी पडली. खट. तिने परत दाबला. खट. चक्री जराशी सरकायची, आणि खट. ती थांबेना. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती दात खाऊन चाप ओढत होती. "आई," दादा म्हणाला, "आई, बास ना." तिने ऐकलं नाही. बोटं चालेनाशी झाली तेव्हाच तिने ते खाली ठेवलं.

"याचे भाग सुटे होतात?" तिने दुकानदाराला विचारलं. आवाज अगदी कोरडा.

"होतात. जुन्या दुरुस्त्यांना लागतात. स्क्रू, स्प्रिंगा, लाकडं."

"मग सोडवा. आत्ता. माझ्यासमोर."

"आई, वेड लागलंय का तुला?" दादाने काउंटरवर हात टाकला. "मी सांगतोय, हात लावायचा नाही!"

आई त्याच्याकडे वळली. "ओरडू नकोस. तुला बापाचा आवाज लागतो, तो मला ऐकायचा नाही. आज नाही आणि पुढेही नाही." मग दुकानदाराला म्हणाली, "बघताय काय? घ्या पेचकस."

दादाने आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मला वाटलं तो टॉवेल उचलून तोंडावर फेकेल. पण त्याने फक्त गाडीची किल्ली उचलली. "बसा मग इथेच. बसने या," एवढं म्हणून तो जाळीचं दार आपटून गेला. बाहेर त्याने गाडी ज्या तऱ्हेने काढली त्यावरून टायरांचा माणूस आहे असं कोणी म्हटलं नसतं.

दुकानदाराने फडक्यावर एकेक भाग मांडला. चक्री, घोडा, चाप, छोट्या मोठ्या स्प्रिंगा, मुठीची दोन लाकडं, दोरीची कडी. आई स्टुलावर बसून सगळं बघत होती. शेवटी नुसती खुंटी ठोकलेली नळी राहिली.

"हिचा काही उपयोग नाही," दुकानदार म्हणाला. "भंगार."

"मग भंगारात टाका," आई म्हणाली. तिने बटणं डबीत भरली, डबी पर्समध्ये टाकली आणि उठली.

बसमध्ये जागा मिळाली. मी काही गप्प बसू शकले नाही. सगळी वर्षं बाबांनी शेंडी लावली, म्हटलं, आतून हसत असतील, आणि तू ताट वाढत होतीस त्यांना. त्या लोखंडाच्या तुकड्यापायी तुझी नोकरी गेली. सगळंच खोटं होतं, आई, तुझा सगळा जन्म एका खोट्या रिव्हॉल्वरपुढे गेला.

आई खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "रिव्हॉल्वर खोटं होतं गं. मी नव्हते खोटी. मी खरीच घाबरत होते."

"आणि माझ्या वेळी मध्ये येऊन उभी राहिलीस ते?" मी विचारलं.

"तेव्हा मला वाटलं, आता गोळी सुटणार," ती म्हणाली. "तुझ्या पाठीत नाही, माझ्या छातीत लागेल, तोवर तू दाराबाहेर जाशील, एवढा हिशेब केला होता." तिने पर्स मांडीवर नीट घेतली. "आपला स्टॉप आला बघ. बेल वाजव."

घरी आल्या आल्या दादाचा फोन आला. भाडेकरू रविवारी घर बघायला येणार म्हणत होता. आई हात पुसत होती, तिने फोन घेतला नाही. "सांग त्याला, घर भाड्याने द्यायचं नाही," ती मला म्हणाली. "मी राहते त्यात." मी सांगितलं. पलीकडून बरंच काय काय आलं, मी तक्रार खिडकीवर ऐकते तसं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

मी वळून बघितलं तर आईने टेबलावर जुनी चादर पसरली होती. तेलाचा डाग झाकला गेला होता. डबीतली पितळी बटणं तिने तिच्या बटणांच्या बरणीत ओतली होती आणि डबी केराच्या बादलीत पडली होती. मग तिने गणवेशाचं निळं कापड आणलं, खडूने खुणा केल्या, कात्री घेतली.

"आई, दमली असशील. बस ना जरा," मी म्हटलं.

"नको. बघू दे तर खरं, उभ्याने कसं कापलं जातं," ती म्हणाली.

टेबल तिच्या कमरेला बरोबर येत होतं. कात्री कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता गेली, आणि तिला एकदाही वाकावं लागलं नाही.